तीन-तीन पक्षी

आईला जाऊन बावीस दिवस झाले होते. मी शनिवारी सकाळी घरी पोचले, तर तिचं टेबल रिकामं होतं.

रिकामं म्हणजे पुसून लख्ख केलेलं. खिडकीजवळच्या त्या टेबलावर थंडीचे दोन महिने कुणाला चहाचा कपसुद्धा ठेवायची मुभा नसायची. तिथे आईचे रबरी ठसे, शाईचं पॅड, मार्करांचे डबे आणि जाड पांढऱ्या कागदाची घडी घातलेली कार्डं असत. हिवाळ्याच्या शुभेच्छांची अडतीस कार्डं ती दर वर्षी हाताने करायची.

"बाबा, कार्डं कुठायत?"

"शाळेच्या बाई घेऊन गेल्या," बाबा म्हणाले. ते शर्टाची बाही खाली-वर करत होते. "बुधवारी आल्या होत्या. म्हणाल्या, अर्धवट राहिलंय, आम्ही महिला मंडळातल्या सगळ्या मिळून पूर्ण करतो. सोमवारी टपालात टाकतो."

"आणि तुम्ही दिलीत?"

"डब्यासकट दिली. रोज उठून त्या टेबलाकडे बघवत नव्हतं मला."

तरी मी विचारलंच. "पक्ष्यांचं सांगितलंत का त्यांना?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं होतं की पाकिटाला तिकीट लावायचं असतं हे सांगितलंत का. "ते काय सांगायचं? सगळ्यांना माहीत असतं."

सगळ्यांना माहीत नव्हतं. ज्यांना कार्ड मिळायचं त्यांच्यातल्याही पुष्कळांना माहीत नसावं. आईच्या प्रत्येक कार्डावर तेच चित्र असायचं: बर्फाने वाकलेली एक फांदी, मागे एक कुंपण आणि फांदीवर पक्षी. पक्ष्याचा ठसा तिने खोडरबरातून स्वतः कोरला होता, करंगळीच्या नखाएवढा. ज्या घरी कार्ड जायचं, त्या घरात जितकी माणसं, तितके पक्षी. बाळ झालं की एक वाढायचा, मुलगी शिकायला बाहेर गेली की एक कमी व्हायचा. खालच्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिशियनची बायको वारली, त्या वर्षी त्याच्या फांदीवर एकच पक्षी होता. तो कार्ड हातात घेऊन आमच्या दारात आला आणि आईला म्हणाला, "वहिनी, तुम्ही एकट्यांनी बरोबर मोजलंत. बाकीचे अजून आम्हा दोघांना आमंत्रणं पाठवतायत."

मला माझं कार्ड हवं होतं. लपवण्यात अर्थ नाही, बाकीची सदतीस नंतर. लग्न झाल्यापासून नऊ वर्षं माझ्या फांदीवर दोन पक्षी येत होते. या उन्हाळ्यात मी आईला फोनवर सांगितलं की आम्ही वेगळे झालोय, मी दुसरीकडे खोली घेतलीय. ती "बरं" म्हणाली आणि खोलीची खिडकी नीट लागते का ते विचारलं. त्यानंतर तो विषय तिने काढला नाही आणि मीही नाही. ती आजारी पडली, मग बोलण्याच्या स्थितीत राहिलीच नाही. पण दवाखान्यात जाण्याआधी तिने अडतीसही कार्डांवर ठसे उमटवले होते, हे बाबांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. म्हणजे माझ्या घरात किती माणसं, हे तिने ठरवलं होतं. तिचं तेवढं एकच मत मला मिळायचं बाकी होतं.

मंडळ वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरतं. मी गेले तेव्हा दोघीच होत्या. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. सगळं गाव त्यांना बाईच म्हणतं. आणि दुसऱ्या काकू, ज्या पूर्वी शिवणकाम करायच्या. मधल्या लांब टेबलावर आईचे मार्कर रंगांप्रमाणे लावून ठेवले होते. आईने ते कधीच असे लावले नव्हते.

"ये गं, ये," बाई म्हणाल्या. "तुलाच दाखवायचं होतं. बघ, झालं सगळं पुरं!"

वरचंच कार्ड मी हातात घेतलं. बर्फ निळा होता. आई बर्फाला रंग लावत नसे. बर्फ म्हणजे कोरा सोडलेला कागद, तो रंगवायचा नसतो, वाचवायचा असतो, हे तिने मला मी सात वर्षांची असताना शिकवलं होतं. पण तेही मी गिळलं असतं. फांदीवर तीन पक्षी होते. दुसऱ्या कार्डावर तीन. तिसऱ्यावर तीन.

"हे पक्षी कुणी वाढवले?"

"मीच," बाई म्हणाल्या. "काहींवर एक होता, काहींवर दोन, सगळा गोंधळ. बिचारीला तब्येतीमुळे लक्ष राहिलं नसणार. चित्रात तीन बरे दिसतात. विषम आकडा डोळ्याला बरा वाटतो, हे मी मुलांना तीस वर्षं शिकवलंय."

"ज्यांच्यावर चार-पाच होते?"

"ती तशीच ठेवली. खोडता थोडंच येतं!" आणि त्या हसल्या.

माझा आवाज चढला नाही. मला वाटलं होतं चढेल. मी त्यांना पक्ष्यांचा हिशेब सांगितला. इलेक्ट्रिशियनचं सांगितलं. चौथ्या गल्लीतल्या त्या बाईंचं सांगितलं, ज्यांचा मुलगा वसंतात अपघातात गेला आणि ज्यांना सोमवारच्या टपालाने आईच्या नावाने तीन पक्षी जाणार होते. काकूंनी हातातली कात्री खाली ठेवली.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "तरी मी म्हणत होते, विचारूया."

"तुम्ही म्हणाला नव्हतात," बाई म्हणाल्या.

"मनात म्हणत होते."

"मनातलं मला ऐकू येत नाही!" बाई फटकारून बोलल्या, मग माझ्याकडे वळल्या. "हे बघ, आम्ही चार दिवस इथे बसून मानपाठ एक केलीय. चांगल्या मनाने केलंय. तुझी आई माझी मैत्रीण होती."

"मैत्रीण होती ना? मग पंधरा वर्षांत एकदा तरी विचारायचं होतं, की काही फांद्यांवर एकच पक्षी का."

बाईंनी एक मार्कर उचलून पुन्हा रांगेत ठेवला. "मलाही एकच यायचा," त्या म्हणाल्या. "दर वर्षी. मला वाटायचं, माझ्या कार्डाचा हिला कंटाळा येतो."

मला त्यांची दया आली असती, पण त्या दिवशी माझ्याकडे तेवढी शिल्लक नव्हती. मी म्हटलं, "माझं कार्ड द्या."

पाकिटं मात्र त्यांनी शिस्तीत ठेवली होती, ज्याचं कार्ड त्याच्याच पाकिटावर ठेवलेलं. माझ्या पाकिटावर माझा नवा पत्ता होता, आईच्या अक्षरात, खोली क्रमांकासकट. मी कार्ड उचललं. तीन पक्षी.

आता यांतले आईचे किती आणि बाईंचे किती? मी कार्ड खिडकीशी नेलं. आईची शाई वेगळी होती. ठसा उमटवून ती रात्रभर वाळू द्यायची, आणि मग त्यावर स्पिरिटचा मार्कर फिरवला तरी रेघ जागची हलत नसे. "कोणतं पॅड वापरलंत?" मी विचारलं. "तिचं वाळलं होतं," म्हणत बाईंनी पर्समधून एक पत्र्याचं पॅड काढलं. शाळेच्या शिक्क्याचं पॅड. दाखल्यांवर शिक्के मारायला वापरायच्या ते. त्या शाईवर मार्कर फिरला की ती विरघळते. बाकीच्या कार्डांवर ते स्वच्छ दिसत होतं: इलेक्ट्रिशियनच्या फांदीवर एक पक्षी कोरल्यासारखा, आणि शेजारी दोन, ज्यांच्या काळ्या कडा लाल पोटात उतरल्या होत्या, जणू चिखलात बसून आलेत.

माझ्या फांदीवरचे तीनही पक्षी चिखलातले होते.

मी पुन्हा पाहिलं. भिंग मागितलं, काकूंनी त्यांचा चष्मा दिला. तीनही. आईचा एकही नाही. अडतीस घरांपैकी एकाच घराची फांदी तिने मोकळी ठेवली होती. ज्या घरात कुणीच राहत नाही अशा घराला ती कार्ड पाठवत नसे. तिने पत्ता लिहिला होता, कुंपण उमटवलं होतं, फांदी उमटवली होती, आणि थांबली होती. एक की दोन, हे तिने माझ्या वतीने ठरवलं नव्हतं. मला विचारल्याशिवाय ती ठरवणार नव्हती.

"ही रिकामी होती," मी म्हटलं. "बाई, तुम्हाला ही पूर्ण रिकामी मिळाली होती."

"हो. एक तेवढी राहूनच गेली होती," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मी..."

"राहून गेली नव्हती. तिला मला विचारायचं होतं. आणि तुम्ही शाळेच्या शिक्क्याने उत्तर देऊन टाकलंत."

काकू रडायला लागल्या. बाई रडल्या नाहीत, त्याचं मला बरं वाटलं. त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात टेबलावर, एखाद्या पालकाची तक्रार ऐकताना बसत असतील तशा.

"काय करू सांग," त्या म्हणाल्या. "फाडून टाकू?"

"नाही. तिचे पक्षी त्यांतच आहेत." मी कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्या त्यांच्यापुढे सरकवल्या. "प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी जाईल. तुमच्या हाताने, तुमच्या सहीने. लिहा: कार्डावरचे ज्यांच्या कडा पसरल्या आहेत ते पक्षी मी न विचारता उमटवले. स्वच्छ रेघेचे तेवढेच तिचे. बर्फही पांढराच होता."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. ज्यांच्यावर चार-पाच आहेत त्यांना फक्त बर्फाचं."

त्यांनी पेन उघडलं. अक्षर अजूनही फळ्यावरच्यासारखं होतं. पहिली ओळ लिहून त्या थांबल्या. "'न विचारता' ऐवजी 'अनवधानाने' लिहिलं तर?"

"न विचारता."

त्यांनी तसंच लिहिलं. काकू चिठ्ठ्या घडी घालून पाकिटांत टाकत होत्या, मी एकेक कार्ड बघून आईच्या पक्ष्यांचा आकडा चिठ्ठीसाठी सांगत होते: एक, दोन, दोन, एक. दोन तास लागले. मध्ये कुणी चहाचं नाव काढलं नाही. इलेक्ट्रिशियनची चिठ्ठी बाईंनी दोनदा लिहिली, पहिलीवर शाई सांडली म्हणून. चौथ्या गल्लीतल्या बाईंचं पाकीट त्यांनी वेगळं काढलं आणि म्हणाल्या, हे टपालात नको, मी स्वतः जाऊन देईन. मी नाही म्हटलं नाही.

शेवटी माझं पाकीट उरलं. बाईंनी कोरी पट्टी समोर घेतली आणि पेन उचलून माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्यात काय लिहू?"

"माझ्यात तुम्ही आधीच फार लिहिलंय," मी म्हटलं, आणि कार्ड पर्समध्ये ठेवून आईचे मार्कर डब्यात भरायला घेतले, हाताला येतील तसे.