वरचे दहा

वारंगा फाट्यावरच्या हरिचंद न्हाव्याच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की ह्याची टकळी सुरू. पण त्या दिवशी सोनाजीमामा दाढी-कटिंगला यायच्या आधीच त्यांचा प्रमोद येऊन हात जोडून उभा राहिला.

"हरिचंददादा, बाबाला कॅन्सर हाय. पोटात समदीकडं पसरला. डॉक्टर दोन महिने म्हणले. आमी बाबाला अल्सर सांगितलाय. आज नांदेडला नेऊन राहिलो. तुमी काही बोलू नका, कळलं तर बाबा हाय खाईल."

"येडा का काय तू? माझ्या तोंडून शब्द न्हाई निघायचा."

आणि खरंच, नाही निघाला. मामा आले, खुर्चीत बसले. दोन महिन्यांत माणूस निम्मा झाला होता. वस्तरा फिरवायला हरिचंदला "गाल फुगवा मामा" म्हणावं लागलं, तेव्हा त्याच्या काळजात धस्स झालं. पण गडी डगमगला नाही. हळदीचा भाव काढला, जानेवारीतली थंडी काढली, मामांना दोनदा हसवलंसुद्धा.

मामा म्हणजे एसटीतले रिटायर कंडक्टर. ठरलेले पैसे दिले की वर दहाची नोट, पंचवीस वर्षं झाली. ती कधी टेबलावर ठेवायचे नाहीत, हरिचंदच्या हातातच द्यायचे. त्याला कारण होतं. हरिचंदचा बाप बौद्धवाड्यातल्या माणसाला दुकानाची पायरी चढू देत नव्हता. तिथली डोकी घरोघरी, शिवणाच्या कात्रीनं भादरली जायची. बाप वारला त्या वर्षी हरिचंदनं मामांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. तेव्हापासून मामा चारचौघांत म्हणायचे, "तुझ्या बापानं आमच्या डोक्याला हात लावला न्हाई, तू लावतो. हे त्याचे दहा. घे, लाजू नको."

आजही मामांनी ठरलेले पैसे दिले आणि दहाची नोट पुढं केली. हरिचंदचा जीव कळवळला, आणि मूर्ख माणूस बोलून गेला, "राहू द्या मामा. आज नको."

मामांचा हात तसाच राहिला.

"काहून?"

"असंच. राहू द्या."

"माझ्या हातचं नको?" मामांचा आवाज चिरकला. "शेवटी बापावरच गेला का रे?"

अरे देवा! हरिचंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "न्हाई मामा! आईची आण, तसं न्हाई!"

"मग कसं?"

काय सांगणार? खरं सांगावं तर प्रमोदला दिलेला शब्द जातो, गप्प बसावं तर हा माणूस हेच मनात घेऊन मरतो. जन्मभर चालणारी जीभ नेमकी आत्ताच टाळ्याला चिकटली. डोळे मात्र हलकट निघाले, भरून आले. त्यानं नोट ओढून घेतली, पण उशीर झाला होता.

मामा त्याच्याकडं बघत राहिले. मग आरशात स्वतःकडं बघितलं आणि हळूच परत खुर्चीत बसले.

"चौदा एप्रिल दिसंल का मला?"

हरिचंदनं मान खाली घातली.

"बरं," मामा म्हणाले. "प्रमोदला सांगू नको, मला कळलं म्हणून. पोरगं लई जीव लावून खोटं बोलून राहिलं. माझ्यासमोर हसतंय, अन् मोरीत जाऊन रडतंय. मला वाटलं, घरात भांडण हाय."

प्रमोद आणायला गेला होता तो ऑटो बाहेर थांबला. मामा उठले, अंग झटकलं आणि मुद्दाम मोठ्यानं ओरडले, "चल रे प्रमोद! ह्या अल्सरचा एकदाचा निकाल लावू!"

त्यांना ऑटोत बसवून प्रमोद मफलर विसरल्याचं निमित्त करून परत दुकानात आला.

"बाबाला कळलं न्हाई ना दादा काही?"

"न्हाई," हरिचंद म्हणाला.

प्रमोदनं सुटकेचा श्वास टाकला. खिशातून पन्नासची नोट काढून त्यानं हरिचंदच्या हातात कोंबली. "लई उपकार केले तुमी. वरचे म्हणून ठेवा."

ती नोट हरिचंदला परत करायची होती. पण नको म्हणायची त्याची छाती झाली नाही. प्रमोदच्या मागं ऑटोतून मामा एकटक त्याच्याकडंच बघत होते. त्यानं मूठ मिटली, तोंडभर हसला आणि म्हणाला, "सांभाळून ने मामाला."