शिडीशिवायचा फोटो

एल रितितो गावाच्या मातीच्या चर्चचा जो फोटो जगभर गेला, तो काढला तेव्हा प्लासिदा त्या फोटोच्या बाहेर शिडी धरून उभी होती. फार नाही, चार-पाच पावलं बाहेर.

त्याचं झालं असं. १९५८ सालच्या मे महिन्यात, शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो याच्या सणाआधी, बायका दरवर्षीसारख्या चर्च लिंपायला जमल्या. सकाळी त्यांनी दक्षिणेच्या भिंतीवरचं पोपडे धरलेलं लिंपण खरवडून काढलं. आतल्या कच्च्या विटा उघड्या पडल्या. पुरुषांनी चिखलात गव्हाची काडं तुडवली आणि चिखल मुरत ठेवला. दुपारी सगळ्याजणी सावलीत घेवडा आणि तोर्तिया खात बसल्या होत्या, तोच हॉल्स्टेड नावाचे फोटोग्राफर मोटारीतून उतरले. खेड्यापाड्यांचं खरंखुरं जीवन टिपणं हा त्यांचा व्यवसाय. त्यांनी अत्यंत अदबीने आधी बायकांना बाजूला व्हायला सांगितलं, मग बादल्या हलवायला लावल्या, मग शिडी. शिडी प्लासिदाने उचलली आणि मोटारीमागे नेऊन धरली. खरंखुरं जीवन असं बाजूला झाल्यावर हॉल्स्टेडनी फोटो काढला.

संध्याकाळपर्यंत भिंत लिंपून झाली, मेंढीच्या कातड्याने घोटून गुळगुळीतही झाली. ते बघायला हॉल्स्टेड थांबले नव्हते. फोटोला त्यांनी नाव दिलं, ‘श्रद्धेचा अखेरचा श्वास’. हा श्वास पुढे पस्तीस-चाळीस वर्षं मोठमोठ्या संग्रहालयांत चालू होता, आणि इकडे दर मे महिन्यात बायका चर्च लिंपत होत्या.

मग जुन्या वास्तू जपणाऱ्या वारसा कचेरीचे पेल्हम आले. येताना चौकटीत बसवलेला तो फोटो गावाला भेट घेऊन आले; तो चर्चमध्येच टांगला. त्या वर्षी चर्चची व्यवस्था प्लासिदाकडे होती. गुडघे गेलेले, मुली आल्बुकर्कला. पेल्हम म्हणाले, “सेन्योरा, फार कष्ट केलेत. आता चर्च आम्ही सांभाळू.” प्लासिदाने ताबा देण्याच्या कागदावर सही केली. गावाने टाळ्या वाजवल्या. कचेरीची माणसं आली, एका हातात फोटो धरून दक्षिणेची भिंत खरवडली, विटा फोटोतल्यासारख्या दिसू लागल्यावर हात झटकले आणि निघून गेली.

दोन पावसाळे गेले. तिसऱ्या मे महिन्यात भिंतीच्या पायथ्याशी कोपरापर्यंत हात आत जाऊ लागला. आणखी एक पावसाळा भिंत काढणार नव्हती. पेल्हम पाहणीला आले, तेव्हा प्लासिदाने त्यांना तिथेच गाठलं.

“साहेब, घाला हात.”

“सुंदर झीज आहे,” पेल्हम हात न घालता म्हणाले.

“पावसाआधी लिंपू द्या.”

“चर्चचं मूळ रूप बदलता येत नाही, सेन्योरा. फोटोत पाहा ना.”

“अहो, ती जेवणाची सुट्टी होती! सकाळी खरवडलं, दुपारनंतर लिंपलं. ते मूळ रूप फार तर तीन तास होतं.”

“फोटोत कुणी काम करताना दिसत नाही.”

“त्यांनीच उठवलं आम्हाला!”

“शिडीसुद्धा नाही.”

“शिडी माझ्या हातात होती!”

पेल्हमनी सहानुभूतीने मान हलवली. “तसा काही पुरावा आहे?”

ते गेल्यावर क्लेओफास पुढे आली. प्लासिदाच्या थोरलीची ही धर्ममाता. त्या नात्याने दोघी चाळीस वर्षं एकमेकींना ‘कोमाद्रे’ म्हणत आणि टोचून बोलत.

“सही तुझीच गं, कोमाद्रे. अक्षर मात्र काय सुरेख!”

“टाळ्या कोण वाजवत होतं?”

“मी. मला वाटलं, कंबरेची सुटका झाली.”

दुसऱ्या दिवशी दोघींनीच चिखल तुडवला. चार दिवसांत भिंत कमरेपर्यंत लिंपून झाली. पुढच्या आठवड्यात कचेरीची माणसं येऊन ते सगळं धुऊन गेली. अगदी हळुवारपणे, मऊ ब्रशने. जाताना दाराला कुलूप आणि भिंतीभोवती तारेचं कुंपण.

जुलैच्या तिसऱ्या पावसात दक्षिणेची भिंत बसली. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. कोनाड्यातला सान इसिद्रो, त्याचे लाकडी बैल, सगळं त्याच्याच शेतातल्या मातीखाली गेलं. कचेरीची गाडी तासाभरात हजर झाली. माणसं उत्तरेच्या दाराने आत शिरली आणि चौकटीतला फोटो तेवढा सुखरूप बाहेर काढला.

पाठोपाठ वर्तमानपत्राची फोटोग्राफर मुलगी आली. तिनेही अदबीने विचारलं, “आजी, जरा बाजूला होता?”

“नाही,” प्लासिदा म्हणाली, आणि शिडी घट्ट धरून ढिगाऱ्यासमोर उभी राहिली. मुलीने नाइलाजाने फोटो काढला.

रविवारी क्लेओफासने वर्तमानपत्र आणलं. “बघ, या वेळी आहेस तू.”

प्लासिदाने चष्मा लावला. ढिगारा होता, ती होती, तिची मूठही होती. शिडी कापून टाकली होती. खाली छापलं होतं: ‘गावकऱ्यांच्या अनास्थेमुळे कोसळलेल्या चर्चसमोर एक स्थानिक वृद्धा.’

“मूठ का वळलीस म्हणून विचारतील लोक,” क्लेओफास म्हणाली.

प्लासिदाने कागदाची घडी घातली. “विचारू देत. शिडी होती म्हटलं, की पुरावा मागतील.”