गाणारा खडक आणि प्लंबरचा हात

प्लंबरचा हात डोक्याच्या आधी चालायचा. कुठे गळताना दिसलं की संपलं! पाहुणा म्हणून गेला तरी चहा बाजूला राहायचा आणि हा बेसिनखाली.

त्याच्या ताईचे कान दिवसेंदिवस जात चालले होते. आता जीव खाऊन ओरडलं तरच ऐकू यायचं. पुरते जायच्या आत समुद्रावरचा गाणारा खडक ऐकायचा, असा हट्टच तिने धरला होता. भरतीची लाट पोटातल्या गुहेत शिरली की अख्खा खडक घुमतो, असं ती लहानपणापासून ऐकून होती. शेवटी भाऊ तिला घेऊन आला.

भरतीला अवकाश होता. ताई सावलीत टेकली आणि प्लंबर खडकामागे भटकायला गेला. तिथे एका भोकातून हवा फसफसत होती, पाणी ठिबकत होतं. त्याने दगडाला रुमाल गुंडाळला, भोकात घातला आणि ठोकून घट्ट बसवला. गळती थांबली. बरं वाटलं त्याला.

भरती आली. ताई डोळे मिटून उभी राहिली. लाट आत शिरली आणि खडक नुसता गुडगुडला. ऐकायला जमलेले लोक कुरकुरू लागले. प्लंबरला मागचं भोक आठवलं. हवेची वाटच बंद केल्यावर खडक वाजणार कसा? हे त्याला दुसऱ्याने सांगायला हवं होतं?

ताईने डोळे उघडले. "वाजला का रे?"

तिला सांगायचं म्हणजे सगळ्यांदेखत ओरडून सांगायचं. लाजेने त्याची मान आपोआप हलली. हो.

ताईचा चेहरा उतरला. "म्हणजे गेले माझे कान," ती म्हणाली. "तू कशाला तोंड पाडतोस? तुझा काय दोष?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. तिच्या कानाशी तोंड नेऊन तो ओरडला, "वाजलाच नाही, ताई! खोटी मान हलवली मी! मागचं भोक मीच बुजवलंय!"

सगळे वळून बघायला लागले.

"बुजवलंस? का?"

"गळत होतं गं!"

"समुद्र गळत होता?" ताईला हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. "जा, काढ आधी!"

तो धावला. पालथा पडून बोटांनी, किल्लीने उकरत राहिला. नखं तुटली. पण त्याने बसवलेलं आजवर कधी सुटलं नव्हतं, त्याचाच तर तोरा होता. खाली पाणी ओसरायला लागलं.

"निघालं का रे?" पलीकडून ताईने विचारलं.

"नाही गं!" तो जीव खाऊन ओरडला. निदान तेवढं तरी तिला ऐकू गेलं.