करंगळीवरची जांभळी खूण

लुम्बांगान गावच्या बास्केटबॉलच्या मैदानावर त्या सकाळी मुंगी शिरायला वाव नव्हता. चेंडू खेळणारी पोरं केव्हाच हाकलली गेली होती. बास्केटच्या खांबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत मनोय प्रुडेन ऐसपैस बसला होता. मनोय म्हणजे थोरला भाऊ. तो कुठल्या गावचा नि कुणाचा भाऊ, हे मात्र अख्ख्या बेटावर कुणाला सांगता आलं नसतं. समोरच्या स्टुलावर पाण्याचा काचेचा पेला, पेल्यात समुद्रकाठचा काळा दगड, आणि कमरेच्या फडक्यात खोचलेल्या बांबूच्या नळ्या, एवढंच त्याचं इस्पितळ.

एका आईने आपला मुलगा पुढे केला. प्रुडेनने त्याचे दोन्ही हात हातात घेतले, प्रेमाने कुरवाळले, मग कमरेची एक नळी उपसून पेल्यात बुडवली. पेला पोराच्या दंडाजवळ धरून तो नळीतून फुंकू लागला. पाणी बुडबुडलं, आणि बघता बघता जांभळं झालं. गर्दीतून एकच उसासा निघाला.

"बघा, आयांनो," प्रुडेन म्हणाला. "हे सरकारी विष. बाटलीतून लेकराच्या रक्तात गेलं, ते माझ्या फुंकरीने पेल्यात आलं. डॉक्टर सुई खुपसतात आणि होडीत बसून निघून जातात. निस्तरायला मनोय बसलाय."

मग त्याने मंत्र पुटपुटला. त्यात संतांची नावं होती, थोडं मोडकंतोडकं लॅटिन होतं, आणि कान देऊन ऐकलं तर कोंबड्यांच्या झुंजीत पैज लावणाऱ्यांच्या आरोळ्यांसारखंही काहीतरी होतं. पेल्यात त्याने कलमान्सीचं इवलंसं आंबट फळ पिळलं. जांभळा रंग विरत गेला नि पाणी जवळजवळ निवळलं. विष मेलं, असं त्याने जाहीर केलं, आणि दक्षिणेचा डबा गर्दीतून फिरू लागला.

नुसता रंग बदलला असता तर गावातल्या चार शहाण्यांनी नाकं मुरडली असती. पण प्रुडेन चुकत नव्हता. लस टोचलेलं मूल आलं की पाणी जांभळं, न टोचलेलं आलं की नितळ. आईने तोंड उघडायच्या आत पेला सांगून मोकळा होत होता. शाळेचे मास्तरसुद्धा मान हलवून म्हणाले होते की बाकी काही असो, माणसापाशी काहीतरी आहे. मास्तरांनीच नंदीबैलासारखी मान हलवल्यावर बाकीच्यांना कोण अडवणार?

गर्दीच्या पार मागे, बदामाच्या झाडाखाली, लसीचा निळा थंड डबा पायाशी ठेवून डॉक्टर एदिता लुमापास उभी होती. तिला कुणी खुर्ची दिली नव्हती. प्रांतातल्या सगळ्या बेटांच्या लसीकरणाची ती प्रमुख. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते, तरी आजही ती स्वतः होडीतून गावोगाव फिरायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्या खोलीतला लसींचा फ्रीज तिच्या कपाटापेक्षा मोठा होता, आणि रात्री त्याची घरघर हीच काय ती सोबत. तिच्या धंद्यात यश डोळ्यांना दिसत नाही. जो आजार झालाच नाही त्याचे आभार मानायला कोण येणार? आजार झाला, किंवा काही भलतंच झालं, की मात्र सगळ्यांना तिचं दार आठवतं.

हे तिचं जन्मगाव होतं. इथे जेवायला बसलेलं माणूस रस्त्याने जाणाऱ्याला, अगदी अनोळखी असला तरी, "या, जेवायला या" म्हटल्याशिवाय घास उचलत नाही. खरंच कुणी जेवायला शिरत नाही, पण म्हणायचं असतं. आज धक्क्यापासून मैदानापर्यंत ती न्याहारीच्या वेळी चालत आली. दारं उघडी होती, मक्याच्या भाताची नि सुक्या मासळीची ताटं मांडलेली होती. एकाही दारातून हाक आली नाही. शिव्या परवडल्या असत्या, असं तिला वाटलं. शिव्या देणारा निदान आपल्याकडे बघतो तरी.

याचं कारण होता जेरिक, तिच्या धाकट्या बहिणीचा, नेनिंगचा नातू. सव्वादोन वर्षांपूर्वी एदितानेच त्याला लस टोचली होती. पुढे तीन महिन्यांनी पूर आला, पोरगं चार दिवस त्या घाण पाण्यात खेळलं आणि लेप्टोच्या तापाने गेलं. रक्ताचा तपास झाला होता, ताप लेप्टोचाच होता. पण गावाला सुई दिसली होती, पाण्यातले जंतू दिसले नव्हते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. नेनिंग त्या दिवसापासून बहिणीशी एक शब्द बोलली नव्हती.

आता शेजारच्या बेटावर गोवर पसरला होता. तिथे मुलं दगावली होती. गेल्या आठवड्यात एदिताच्या माणसांनी इथे थोड्या मुलांना लस दिली, आणि लगेच मागोमाग हा प्रुडेन उगवला. टोचलेल्या मुलांची तिला काळजी नव्हती, कारण दंडात गेलेली लस पेल्यात येत नसते. काळजी होती ती जांभळं पाणी बघून दारं लावून घेतलेल्या घरांची. त्यातलंच एक घर नेनिंगचं होतं. तिथे जेरिकची बहीण होती, आयरा, सव्वा वर्षाची. तिला अजून एकही लस दिलेली नव्हती.

आणि नेनिंग आज रांगेत होती, आयराला कडेवर घेऊन.

प्रुडेनने आयराचेही हात हातात घेतले. इवल्या बोटांचे मुके घेतले. मग कमरेची दुसऱ्या बाजूची नळी काढून फुंकर घातली. पाणी नितळच राहिलं.

"हे लेकरू शुद्ध आहे," तो म्हणाला, आणि आवाज मुद्दाम चढवून पुढे बोलला, "तुझ्या नातवालाही वेळेत माझ्याकडे आणलं असतंस ना, बाई, तर आज तो या मैदानावर खेळत असता. पण तू त्याला डॉक्टरकडे घेऊन गेलीस. स्वतःच्या पायाने."

नेनिंगने मान खाली घातली. आयराला छातीशी आणखी घट्ट धरलं. एदिताला तो वाक्बाण आपल्याच काळजात रुतल्यासारखा वाटला. त्या माणसाने डबा भरावा, पोट भरावं, ते एक वेळ चाललं असतं. पण दोन वर्षं जळणाऱ्या बाईच्या जखमेवर मीठ चोळून हा माणूस आपली दुकानदारी चालवत होता. एदिताने लसीचा डबा उचलला आणि गर्दीतून वाट काढत पुढे आली. लोक बाजूला झाले, पण तिला वाट द्यावी म्हणून नव्हे, तिचा स्पर्श नको म्हणून.

"मनोय," ती म्हणाली, "माझंही विष काढा."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "डॉक्टरीणबाईंसाठी हंडा आणा रे, पेला पुरायचा नाही." प्रुडेनही हसला. एवढ्या गर्दीसमोर नाही म्हणणं त्याला शोभलं नसतं. त्याने तिचे हात हातात घेतले.

त्याची नजर दंडाकडे गेली नाही. ती आधी डाव्या हाताच्या करंगळीवर गेली, जेमतेम क्षणभर, आणि मग त्याने कमरेच्या डाव्या बाजूची नळी उपसली.

एदिताने आपल्या करंगळीकडे पाहिलं. नखावर जांभळी खूण होती. लस दिलेलं मूल ओळखू यावं म्हणून मोहिमेत प्रत्येक मुलाच्या डाव्या करंगळीवर तशी खूण करतात. सकाळी इकडे यायला निघताना तिकडच्या धक्क्यावर लस घेणारी एक पोरगी त्या शाईलाच घाबरून रडत होती. "बघ, माझंही बोट रंगवते," म्हणून एदिताने स्वतःच्या नखावर शाई फासली होती आणि विसरूनही गेली होती. प्रुडेन मुलांचे हात एवढ्या मायेने का कुरवाळतो ते तिला आता उमगलं. आणि विष जांभळंच का निघतं, तेही. या पठ्ठ्याने लस कधी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती. बोट जांभळं, म्हणजे औषधही जांभळंच असणार, असं त्याने धरून टाकलं होतं. गावानेही तेच धरलं होतं.

पाणी बुडबुडलं आणि जांभळं झालं.

"बघा," प्रुडेन म्हणाला, "गोवराच्या सुईचं विष. दुसऱ्यांना टोचणारी स्वतः किती भरलेली आहे."

"गोवराच्या सुईचंच ना?" एदिताने विचारलं. "नक्की?"

"पेला खोटं बोलत नाही."

एदिता बहिणीकडे वळली. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिने नेनिंगच्या डोळ्यांत पाहिलं. "नेनिंग, मला गोवराची लस कधी दिली होती, सांग यांना."

नेनिंगने आधी प्रुडेनकडे पाहिलं, मग बहिणीकडे. सांगितलं तर ज्याने आयराला शुद्ध ठरवलं तो माणूस खोटा ठरणार होता, आणि न सांगितलं तर तीच खोटी ठरणार होती. आयराने तिची वेणी ओढली.

"नाही दिली," नेनिंग शेवटी म्हणाली. "तिला लहानपणीच गोवर झाला होता. मलाही. आम्ही दोघी एकाच चटईवर पडून होतो. आई केळीच्या पानाने वारा घालायची. तेव्हा ती लस इथे आलीच नव्हती."

पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने मान डोलावली. तिलाही ते आठवत होतं.

एदिताने पेला रिकामा करून कोपऱ्यातल्या नळावरून ताजं पाणी भरून आणलं. प्रुडेन काही बोलायच्या आत त्याच्या हातातली नळी काढून घेतली आणि नुसतीच पाण्यात उभी धरली. ना फुंकर, ना मंत्र. नळीच्या टोकातून जांभळे धागे सावकाश खाली उतरले आणि पाणी रंगलं. तिने स्टुलावरची कलमान्सी पिळून ढवळली. रंग विरला.

"मी काही संत नाही," ती म्हणाली. "तरीही झालं."

मग तिने प्रुडेनचा पंजा वर धरला. बोटांची टोकं तपकिरी डागांनी माखलेली होती. पुढच्या रांगेतल्या झुंजीच्या कोंबड्यांच्या मालकांनी आपापल्या हातांकडे पाहिलं. जखमी कोंबडा धुऊन धुऊन पडलेले तेच डाग त्यांच्या बोटांवरही होते.

"हे तर आमचं परमँगनेट," त्यातला एकजण ओशाळून म्हणाला. "माझ्या घरी पुडी आहे."

"नळीच्या पेरात त्याचे दोन खडे चिकटवले की झालं," एदिता म्हणाली. "डावीकडच्या नळीत खडे आहेत, उजवीकडची रिकामी. करंगळी रंगलेली दिसली की डावी, नाहीतर उजवी."

मग तिने लसीचा डबा उघडला, बाटलीतली लसीची भुकटी पाण्यात कालवली आणि बाटली उन्हात उंच धरली. आतलं औषध पाण्यासारखं होतं, फार तर जरासं पिवळट. जांभळ्याचा त्यात मागमूस नव्हता. "खूण बोटावर असते, औषधात नसते," ती म्हणाली. "हे तुम्हाला आधी दाखवायला हवं होतं. आता मी म्हणते म्हणूनही विश्वास ठेवू नका. बाटली हातात घ्या, बघा, विचारा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर त्यालाही विचारा: नळी मी आणलेली चालेल का? जो विचारू देत नाही, त्याच्या हाती लेकरू देऊ नका. पलीकडच्या बेटावर मुलं मरताहेत. गोवराला मंत्र कळत नाही."

प्रुडेनने दक्षिणेचा डबा काखेत मारला आणि पोटदुखीचं निमित्त सांगून धक्क्याचा रस्ता धरला. त्याच्या मागे कुणी धावलं नाही. लोक उठले, धूळ झटकली आणि एकमेकांची नजर चुकवत पांगू लागले. एदिताकडे कुणी पाहिलं नाही. ज्याने फसवलं त्याचा राग लवकर ओसरतो; फसलो हे ज्याने चारचौघांत दाखवून दिलं, त्याचा राग मात्र मनात राहतो. हे तिला नवीन नव्हतं. तरीही भरल्या मैदानाच्या मधोमध तिला फार एकटं वाटलं.

काही बाया मात्र मुलांना घेऊन थांबल्या होत्या. मास्तर, डोकं खाजवत, त्यांची रांग लावू लागले. रांगेच्या टोकाला नेनिंग होती. तिची पाळी आली तेव्हा ती आयराला पुढे करेना.

"मीच धरला होता त्याचा हात, मनांग," ती म्हणाली. थोरल्या बहिणीला ती ज्या नावाने हाक मारायची, ते नाव दोन वर्षांनी तिच्या तोंडून निघालं. "तो नको नको म्हणत होता. मी दाबून धरला. रोज रात्री मला तोच हात दिसतो."

"मलाही दिसतो," एदिता म्हणाली. "सुई माझ्या हातात होती. पण त्याला पुराच्या पाण्याने नेलं, नेनिंग. तुझ्या हाताने नाही. हा माणूस म्हणाला, वेळेत आणायला हवं होतं, आणि तू ते खरं मानलंस. त्याचा पेला जितका खरा होता, तितकंच तेही खरं होतं."

नेनिंगने आयराच्या झबल्यालाच डोळे पुसले. मग ती खुर्चीत बसली, नातीला मांडीवर घेतलं आणि तिचा दंड दोन्ही हातांनी नीट धरला. सुई टोचली गेली. आयराने मैदान डोक्यावर घेतलं. एदिताने तिच्या करंगळीवर जांभळी खूण केली, तशी ती रडता रडता थांबून आपल्या नखाकडे बघत राहिली.

नेनिंग उठली. चार पावलं गेली आणि थांबली.

"भात झालाय," ती मागे न बघता म्हणाली. "जेवायला ये."

एदिताने रांगेकडे पाहिलं. अजून बरीच मुलं उरली होती आणि कालवलेली लस फार वेळ टिकत नाही.

"येते," ती म्हणाली. "ताट झाकून ठेव."