जिन्नाचं रक्त आणि पिवळं फडकं

"आलं! रक्त आलं! बघा गं बायांनो, जिन्नाचं रक्त!"

जिन्न उतरवणाऱ्या लाल्ला तामूने, म्हणजे तामूबाईने, ओलं फडकं दोन्ही हातांनी उंच धरलं आणि अंगणात एकच गलका झाला. कोणी रडायला लागली, कोणी जीभ हलवून लग्नघरातल्यासारखी किलकारी दिली. मघाशी आतून पुसायला पडद्याआड नेलं तेव्हा फडकं पिवळंधमक होतं. आता ते मधोमध लालभडक झालं होतं. पाठोपाठ पडद्याआडून खाली मान घालून बाहेर आली ती माझी वहिनी, झहूर. एवढ्या बायकांसमोर आपल्या सर्वांत झाकल्या जागेचं फडकं असं मिरवलं जातंय, हे तिला सोसवत नव्हतं.

तामूला त्याचं काय! तिने डोळे फिरवले, आवाज घोगरा केला.

"भाळलाय गं हिच्यावर! समुद्रापारचा आहे. हिरव्या डोळ्यांचा. नवऱ्याला जवळ येऊ देत नाही, म्हणून आत आग लावून ठेवतो. थांब मेल्या, बघते तुला!"

मग तिने काहीबाही पुटपुटत चांदीच्या झारीतून मंतरलेलं पाणी फडक्यावर शिंपडलं. बघता बघता लाल डाग विरला, फडकं पुन्हा पिवळं. पुन्हा किलकाऱ्या.

"गेला! आजच्यापुरता गेला. पण नाद सुटलेला नाही. पुडीतल्या पांढऱ्या भुकटीने रोज आतून धुवायचं. पुढच्या गुरुवारीही येण्याआधी धुवूनच यायचं."

गुरुवार हा आमच्या सफ्रू गावाचा बाजारचा दिवस. आजूबाजूच्या डोंगरातल्या बायका भाजीच्या टोपल्यांसकट तामूच्या अंगणात येऊन बसायच्या. मी त्या दिवशी पहिल्यांदाच गेले होते, आणि बसल्या बसल्या एकच गोष्ट बघत होते. पडद्याआड जाऊन आलेल्या सगळ्या बायका पंचेचाळिशीच्या पुढच्या होत्या. गावात एवढ्या देखण्या तरण्या पोरी असताना हे समुद्रापारचे जिन्न नेमके पाळी जायच्या वयातल्या बायकांवरच का भाळतात, हा प्रश्न त्या अंगणात कोणालाच पडला नव्हता.

मी मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते. पिवळ्याचं लाल आणि लालाचं पिवळं होताना पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिथे तोंड उघडलं असतं तर वहिनीची आणखी शोभा झाली असती. मी तिला घेऊन उठले.

घरी जाताना तिला विचारलं, "वहिनी, हे कधीपासून?"

"वर्ष झालं, वन्सं. खाज, आग, वास. औषधाच्या दुकानातून मलम आणलं, आठ दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. पुन्हा मलम, पुन्हा तेच. तुमच्या भावाला काय सांगू? ते वेगळ्या खोलीत झोपतात आता. त्यांना वाटतं, मला ते नकोसे झालेत."

"आणि डॉक्टर?"

"मी आजी झालेली बाई! डॉक्टरपुढे हे काढू? लोक म्हणतील, या वयात कुठे शेण खाल्लं."

मग ती रस्त्यातच थांबली आणि रडायला लागली. तिच्या मुलीला, निस्रीनला, नुकताच पहिला मुलगा झाला होता. बारशाला सगळं गोत जमलं, आणि झहूर मात्र दाराशी बसून राहिली. तामूने तिला बजावलं होतं : बाळाला हात लावलास तर जिन्न त्याच्या अंगात शिरेल. निस्रीनला हे काही माहीत नव्हतं. मुलगा सावळा झाला म्हणून आई घेत नाही, असं तिच्या सासूने तिच्या मनात भरवलं होतं. लेक आईशी बोलेनाशी झाली होती.

एका फडक्याने किती घरं मोडतात बघा!

मी तिच्याकडून पुडी मागून घेतली. स्वयंपाकघरात हळदीचं पाणी केलं, त्यात रुमाल बुडवला, वर भुकटीची चिमूट टाकली. रुमाल लाल. त्यावर लिंबू पिळलं. रुमाल पिवळा.

"हे घ्या," मी म्हटलं. "माझ्याही रुमालावर भाळला तुमचा जिन्न."

झहूर रुमालाकडे बघतच राहिली. कोंबडीच्या रश्शाचा डाग साबण लावला की लाल होतो, हे तिने जन्मभर पाहिलं होतं. "म्हणजे हा... कपड्याचा सोडा?" ती पुटपुटली. "आणि मी तो महिनोन् महिने आत..."

दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टर घिजलानकडे नेलं. डॉक्टर तरुण, बोलायला फटकळ. झहूरने आधी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. डॉक्टरने गुडघ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पाळी कशी येते?"

"कधी दोन महिने नाही, कधी महिन्यात दोनदा."

"रात्री घाम?"

"उशी भिजते."

"खाली कोरडं वाटतं? आग? खाज?"

झहूरने माझ्याकडे पाहिलं, जणू मीच चुगली केली होती.

"त्यांनी काही सांगितलेलं नाही," डॉक्टर म्हणाली. "सकाळपासून आलेल्या तुम्ही तिसऱ्या. सगळ्या आधी गुडघेच सांगतात."

तपासणी झाली, आतला स्राव कापसाच्या काडीवर घेऊन प्रयोगशाळेत गेला, साखरही बघितली. अहवाल आल्यावर डॉक्टरने सरळ भाषेत सांगितलं : "पाळी जायच्या वाटेवर असते तेव्हा शरीरातलं एक संप्रेरक कमी होतं. योनीचं अस्तर पातळ होतं, कोरडं पडतं. तिथे आपले चांगले जंतू राहतात. ते जागा थोडी आंबट ठेवतात आणि त्या आंबटपणात रोगाचे जंतू टिकत नाहीत. अस्तराबरोबर हे चांगले जंतू कमी झाले की राखण संपली. मग संसर्ग होतो, बरा होतो, पुन्हा होतो. दुकानातलं मलम बुरशीवरचं होतं, तुम्हाला बुरशी झालेलीच नाही. आणि वर तुम्ही सोडा ओतत होतात! उरलासुरला आंबटपणाही गेला. बरं कसं वाटणार?"

"चांगले जंतू म्हणजे दह्यातले?" झहूरने भीत भीत विचारलं.

"त्यांचेच भाऊबंद. पण म्हणून दही लावत बसू नका. आतून काहीही धुवायचं नाही. सोडा नाही, साबण नाही, सार्वजनिक हमामखान्यातला काळा साबणही नाही. बाहेरून साधं पाणी, बस्स. या गोळ्या पूर्ण घ्या. आग थांबली की अस्तरासाठी संप्रेरकाचं मलम सुरू करू. पुन्हा त्रास झाला तर लपवू नका, पुन्हा तपासू. होऊ शकतो, या वयात होतो."

झहूर उठली, दारापर्यंत गेली आणि वळली. "डॉक्टर, बाळाला घेतलं तर चालेल?"

"कोणाच्या बाळाला?"

"माझ्या नातवाला."

डॉक्टरने लिहिणं थांबवून वर पाहिलं. मग म्हणाली, "हात धुवा आणि घ्या. आजच घ्या."

ती तिथून थेट निस्रीनच्या घरी गेली. मी दारातच थांबले. आतून आधी लेकीचा चढा आवाज आला, मग दोघींचं रडणं, मग बाळाचं. बराच वेळ कोणीही बाहेर आलं नाही.

पुढच्या गुरुवारी झहूर आपणहून म्हणाली, "चला वन्सं, तामूकडे." बाजारातून तिने मुळ्याची जुडी घेतली, घरी आणून सोड्याच्या पाण्यात बुडवली आणि टोपलीत ठेवली.

अंगण भरलेलं होतं. झहूरचा नंबर आला तशी ती फडकं घेऊन पडद्याआड गेली आणि बाहेर आली. फडकं पिवळंच.

"आज भुकटीने धुतलं नाही मी," ती म्हणाली.

तामू गडबडली, पण लगेच सावरली. "जिन्न लपलाय! भुकटीला घाबरतो म्हणून..."

"घाबरतो तर भुकटी नसताना त्याने मोकाट फिरायला हवं ना?" मी विचारलं.

तेवढ्यात झहूरने टोपलीतला ओला मुळा काढला आणि फडक्यावर दाबला. लालभडक डाग उमटला.

"बघा गं बायांनो!" ती अगदी तामूच्या आवाजात ओरडली. "मुळ्यावर भाळला! हा कुठला गं, तामू? समुद्रापारचाच का?"

आधी कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग अंगणभर हशा पिकला. मी झारी उचलून हुंगली. लिंबाचा रस. शेजारच्या बाईच्या तळहातावर ओतला, तिने चाटून बघितला आणि तोंड वाकडं केलं. तामू किंचाळत होती, "पापिणी! तुमचं वाटोळं होईल!" पण तिचा घोगरा आवाज कुठल्या कुठे गेला होता, उरला होता बाजारात भांडणाऱ्या बाईचा.

सगळ्यांचे डोळे उघडले म्हणाल, तर नाही. निघताना एका म्हातारीने हळूच विचारलं, "पण लाल्ला, माझी तेवढी पुडी?" असेही लोक असतात. मात्र सात-आठ बायका आमच्या मागोमाग बाहेर आल्या आणि कोपऱ्यावर गाठून दबक्या आवाजात विचारू लागल्या, "त्या डॉक्टरीणबाई कुठे बसतात गं?"

झहूरने खणखणीत आवाजात पत्ता सांगितला. रस्त्यावरच्या बाप्यांनाही ऐकू गेला. भावालाही तिने त्याच आवाजात सगळं सांगितलं. तो ओशाळला, म्हणाला, "मला वाटलं, तुला मीच नको." हिवाळ्यात त्रास एकदा उलटला. या वेळी तोच तिला दवाखान्यात घेऊन गेला.

बायांनो, शरीर बदलतं. पाळी सुरू होताना बदललं, जाताना बदलणारच. त्यात पाप नाही, शाप नाही. आग होत असेल, वास येत असेल, खाज झोपू देत नसेल, तर तो आजार आहे. त्याला कारण आहे, तपासणी आहे, औषध आहे. लाज बाळगायची असेल तर ती तामूने बाळगावी. तुम्ही मोठ्याने विचारा, तपासून घ्या, आणि कोणी डोळ्यांसमोर चमत्कार करून दाखवला तर आधी एवढंच म्हणा : पुन्हा करून दाखव, या वेळी साधनं माझी.