लाभ, दोन, तीन, चार

पडेगावात रामकिसनरावांना ओळखणारे कमी आणि त्यांच्या बुलेटला ओळखणारे जास्त. एकोणऐंशी सालची काळी गाडी. दौलताबाद रस्त्यावरून ती आत वळली की नुसत्या आवाजावर सत्यभामाबाई चहाचं आधण ठेवत. चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या पैठणहून आल्या, त्या याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून. रामकिसनरावांचा गाडीवर जीव होता आणि बायकोवरही होता. पहिली गोष्ट ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. दुसरी चाळीस वर्षांत एकदाही बोलले नव्हते. पुरुषांची ही एक जातच असते.

तर या गाडीवर आता संक्रांत आली होती. पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाला, इंद्रजीतला, एक हॉटेलवाला भेटला होता. त्याला जुनी बुलेट पाहिजे होती, आणि तीही भिंतीवर टांगायला! गिऱ्हाइकं खाली बसून मिसळ खाणार आणि वर गाडी लटकणार. रामकिसनराव फोनवरच भडकले. पण सत्यभामाबाईंनी मुलाची बाजू घेतली आणि तिथं त्यांचं बळ संपलं.

कारण बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. गाडीचे पुढचे दोन्ही शॉकअप म्हातारे झाले होते. ब्रेक दाबला की गाडी नाक जमिनीला लावायला जायची, खड्डा आला की लोखंडावर लोखंड आपटायचं आणि मागच्या सीटवर बसणाऱ्याच्या कंबरेत वीज चमकायची. वर्षभर बाई गाडीवर बसल्या नव्हत्या.

"येत्या रविवारी मला सरूकडं न्या, पैठणला," त्यांनी निकाल दिला. सरूबाई ही त्यांची धाकटी बहीण. "जाईपर्यंत कंबरेला एक बी दणका बसला नाय, तर गाडी ऱ्हाईली. बसला, तर जाऊ द्या तिला भिंतीवर. तुमचे हातपाय मोडलेले मला बघायचे नाईत."

रामकिसनरावांनी सोमवारीच पुढचं चाक उतरवलं. वाळूजच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस. हाताला अजून चांगली पकड होती. शॉकअपमधलं जुनं तेल निघालं ते काळं, पाण्यासारखं पातळ आणि जेमतेम अर्धं. तेल अडवणारी रबरी सीलं कडक होऊन चिरली होती. त्यांनी नळ्या रॉकेलनं धुतल्या, नवी सीलं बसवली आणि तेल भरायला आईच्या वेळचं पितळेचं इवलंसं माप काढलं. एका शॉकअपला चार मापं बरोबर, हे त्यांचं जुनं गणित होतं.

डाव्या बाजूला त्यांनी स्वतः ओतलं. सत्यभामाबाईंनी नरसाळं धरलं. धान्याचं माप हातात आलं की शेतकऱ्याच्या पोराच्या तोंडून मोजणीही खळ्यावरचीच येते. "लाभ," ते मोठ्यानं म्हणाले आणि पुढचे आकडे ओठातल्या ओठात पुटपुटले, अगदी आपल्या आईसारखे. उजवी बाजू भरणार तेवढ्यात इंद्रजीतचा फोन आला. भांडायला रेंज नीट लागते, म्हणून ते गच्चीवर गेले. बरंच भांडून खाली आले, तर बाईंनी उजवी बाजू भरून ठेवलेली.

"चार मापं टाकली ना?"

"चार. मोजून."

त्यांनी वरची बुचं आवळली, चाक चढवलं आणि मोठ्या थाटात गाडी बाहेर काढली. कोपऱ्यापर्यंत जाऊन आले तेव्हा चेहरा पडला होता. डावी बाजू लोण्यासारखी दबत होती, उजवी मात्र आडमुठ्या म्हशीसारखी अडून बसलेली. दोन दिवसांत उजव्या नळीवरून तेलाचा ओघळही उतरला. नवंकोरं सील आणि ओघळ!

शुक्रवारपर्यंत त्यांनी सगळे उपाय करून पाहिले. चाकाचा आस ढिला करून पुन्हा आवळला, हॅण्डल मोकळं फिरतं का ते पाहिलं, चाक उचलून, दोन्ही नळ्या धरून मागंपुढं हलवल्या. कुठंही खडखड नाही. शेवटी मान खाली घालून त्यांनी उस्मानपुऱ्यातल्या सांडू मिस्त्रीला फोन लावला. स्वतःच्या गाडीसाठी मिस्त्री बोलवायचा म्हणजे त्यांना शरण जाण्यासारखंच होतं.

शनिवारी सकाळी सांडू आला. त्याला हे घर नवं नव्हतं. तो कधीही टपकला तरी इथं त्याला एक भाकरी हमखास मिळे. "रोज एक भाकरी उरतीच कशी?" असं रामकिसनराव अधूनमधून कुरकुरत. "उरती म्हणून उरती," असं आतून उत्तर येई आणि विषय मिटे.

भाकरी आणि ठेचा पोटात गेल्यावर सांडूनं पुढचा ब्रेक धरून गाडी दोनदा दाबली, ओघळाला बोट लावलं, वास घेतला. "भाऊ, नळी सीधी हाय. स्प्रिंग बी बराबर हाय. सीलच खराब निघालं आसंल. खोलावं लागतंय."

"सोमवारी तर बसवलंय रे!"

"मग? नवी चीज बिघडत नसती का?"

रामकिसनराव ओट्यावर बसले. आज शनिवार. सील आणायचं, बसवायचं, आणि उद्या दणका बसला तर? त्यांच्या डोळ्यांसमोर हॉटेलची भिंत आली. चालती गाडी भिंतीवर पाहायची, त्यापेक्षा तिचं भंगार झालेलं परवडलं, असंही त्यांना वाटून गेलं.

इकडं सांडूनं नळ्यांच्या तळाचे स्क्रू काढले. नवं तेल वाया कशाला घालवायचं, म्हणून सत्यभामाबाईंनी लोणच्याच्या दोन सारख्या बरण्या आणून खाली लावल्या. पदर खोचून त्या उकिडव्या बसून बघत राहिल्या. आणि त्यांनाच ते आधी दिसलं.

"अहो, हिच्यात जास्त हाय की!"

मापानं मोजलं. डाव्या बरणीत जवळजवळ चार भरलं. उजव्या बरणीत, इतकं ओघळून गेल्यावरही, साडेचारच्या वर. सांडू टाळी वाजवून उठला. "घ्या! तेलाच्या वर जरा हवा पाह्यजे, भाऊ. हवेला जागाच नाय ठिवली तर तेल कुठं जाईल? सील उचकटून भाईर पळंल. उजवीकडं कुणी टाकलं?"

"मी," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पर चारच टाकलं."

"कसं मोजलं, म्हनून दाखवा बरं वहिनी."

त्यांनी रिकामं माप उचललं आणि बरणीवर उपडं करत मोजलं, "लाभ. एक. दोन. तीन. चार."

सांडूनं हसू दाबायला तोंडावर फडकं धरलं. रामकिसनराव ओट्यावरून उतरून खाली आले.

"अगं, लाभ म्हंजीच एक! खळ्यावर एक म्हनायचं नसतं म्हनून लाभ म्हनायचं. लाभ, दोन, तीन, चार!"

"आँ? लाभ देवाचा ना? तो टाकायचा, मोजायचा नाय." बाई गोंधळल्या. "आमच्या घरी माग होता, खळं कुठं होतं? हितं आले तवा सासूबाई लाभ तेवढं मोठ्यानं म्हनायच्या. पुढचं मला कधी ऐकूच आलं नाय."

"म्हंजी... तू पीठ घेतीस तवा बी?"

"तसंच. लाभ, एक, दोन, तीन."

रामकिसनरावांनी मनात हिशेब मांडला. चाळीस वर्षं रोज एक माप पीठ जास्त, आणि रोज एक भाकरी वरची. ती सांडूनं खाल्ली, पोस्टमननं खाल्ली, इंद्रजीतच्या सोबत्यांनी खाल्ली. दारात आलेला भंगारवाला ती खाऊन, पाणी पिऊन गेला. या घरातून कुणी उपाशी गेलं नाही, ते आपल्या कष्टामुळं, असं त्यांना वाटत आलं होतं. मग त्यांना हसू फुटलं आणि ते इतकं हसले की सांडूला त्यांची पाठ थोपटावी लागली.

"हसायला काय झालं?" बाई रागावल्या आणि मग त्याही हसायला लागल्या.

सांडूनं उजवीकडं पुन्हा नवं सील बसवलं. या वेळी दोन्ही बाजूंना बाईंनीच तेल ओतलं आणि दोघा पुरुषांनी मोठ्यानं मोजलं.

रविवारी सकाळी गाडी पैठण रस्त्याला लागली. सत्यभामाबाई मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसल्या होत्या. बिडकीनला चहा झाला तरी अवाक्षर नाही. ढोरकीनच्या पुढं रस्ता खणलेला होता. रामकिसनरावांनी दात आवळले. पुढचं चाक खड्ड्यात उतरलं, दोन्ही नळ्या एकदमच दबल्या आणि हळूच वर आल्या. मागं पिशवीतली, बहिणीसाठी घेतलेल्या बांगड्यांची पेटीसुद्धा वाजली नाही.

सरूबाईंच्या दारात उतरून त्यांनी दोन्ही हात कंबरेवर ठेवले, डावीकडं वाकून पाहिलं, उजवीकडं वाकून पाहिलं आणि इंद्रजीतला फोन लावला. "गाडी द्यायची नाय. त्या हॉटेलवाल्याला म्हनावं, लईच हौस असंल तर सोताचा फोटू टांग." रामकिसनरावांनी तिथंच, भर गल्लीत, गाडीच्या टाकीवर थाप मारली.

आत सरूबाईंनी भाकरीसाठी पिठाचा डबा काढला. माहेरपणाला आलेली बहीण स्वस्थ बस म्हटलं तर ऐकते थोडीच. सत्यभामाबाईच परात घेऊन बसल्या. "लाभ," म्हणून पहिली वाटी ओतली आणि दुसरी हातात धरून थांबल्या. दारातल्या नवऱ्याकडं त्यांनी पाहिलं.

"शॉकअपला लाभ म्हंजी एक," रामकिसनराव म्हणाले. मग चाळीस वर्षं अडलेलं बाहेर आलं. "घरात तुझंच माप बरोबर हाय, सत्यभामा. तू हायस म्हनून घर भरल्यालं हाय."

सरूबाई दोघांकडं बघतच राहिल्या. सत्यभामाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"एक," असं म्हणत त्यांनी दुसरी वाटी परातीत ओतली.