रुमालाने ठरवलेले रोगी

बायको गेल्याचं मला कळलं तेव्हा वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये टाळ्या वाजत होत्या. रुमालबाबाने आणखी कुणाला तरी शुद्ध ठरवलं होतं. मॅनेजर जिना उतरून आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, काकू गेल्या. पण बाबा म्हणतात, जाताना सगळ्यांचा रोग घेऊन गेल्या."

दुसऱ्यांची ओझी उचलायची तिला सवय होती. पण हे जरा जास्तच झालं.

आमच्याकडे जुलाब-उलट्यांची साथ आली होती. डॉक्टरला बोलावलं तर संस्थेची बदनामी होईल, म्हणून मॅनेजरने बाबाला बोलावलं. ऐंशीच्या म्हाताऱ्यांना तो "बाळांनो" म्हणायचा. अत्तर मारलेला पिवळा रुमाल तो प्रत्येकाच्या तळहातावरून फिरवायचा. रुमाल पिवळाच राहिला तर माणूस शुद्ध. लाल झाला तर रोगी, आणि रोग्याची रवानगी वरच्या खोलीत. रुमाल डोळ्यांदेखत लाल व्हायचा, हे मात्र खरं. लोक हात जोडायचे.

बायको जेवणाआधी कपड्यांच्या साबणाच्या वडीने हात घासायची. इथे साबण तोच मिळायचा. तिला काहीही झालेलं नव्हतं. तिच्या हातावर रुमाल लालभडक झाला.

"अहो, याला स्वयंपाकघराचा वास येतोय," ती मला म्हणाली.

बाबाने डोळे मिटले. "बघा, रोग बोलायला लागला!"

तिला वर नेलं. वरच्या खोलीत बाबा येण्याआधीच ठेवलेली, उलट्या करणारी माणसं होती आणि सगळ्यांत मिळून एक संडास. तिथे ती आजारी पडली. मला भेटू दिलं नाही. पुढचं सांगून झालं आहे.

हात धुतले की रुमाल लाल होतो, हे हळूहळू लोकांच्या ध्यानात आलं. यावरून आमच्या शहाण्या माणसांनी काय करावं? हात धुणंच सोडलं. बाबाही म्हणाला, "साबण लागला की दबलेला रोग वर येतो."

अंत्यविधीनंतर माझी मेहुणी हॉलमध्ये आली. ती शाळेत विज्ञान शिकवते.

"भावजी, हाच का तो?" तिने विचारलं आणि सरळ हात पुढे केला. "बघा बाबा."

रुमाल पिवळाच राहिला. "शुद्ध!"

ती बेसिनवर गेली, साबण लावला, ओलाच हात घेऊन परत आली. रुमाल लाल.

"एवढ्यात मला काय झालं हो?"

"बाळ, तुझ्या मनात संशय शिरला."

"संशय तर मी घरूनच घेऊन आलेय. मघाशी पिवळा कसा राहिला?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"आता तुम्ही हात धुऊन या."

"आम्ही नामाने शुद्ध होतो."

"मग साबणाला कशाला घाबरता?"

तेवढ्यात कोपऱ्यातल्या एक आजी ओरडल्या, "अगं बाई, ही तर हळद! साडीवरचा डाग साबण लावला की असाच लाल होतो!"

हे सगळ्यांनी जन्मभर पाहिलेलं होतं. पण मोरीत दिसला तर तो डाग, आणि बाबाच्या हातात दिसला तर चमत्कार.

मेहुणीने समजावून सांगितलं. साबणात खार, म्हणजे अल्कली असते, त्याने हळद लाल होते. रुमाल रोगी शोधतच नव्हता, तो हात धुतलेली माणसं शोधत होता. ती माणसं वरच्या खोलीत कोंडली गेली. रोग घेऊन फिरणारे खाली आमच्या पंक्तीला शुद्ध म्हणून बसले. शिवाय तो एकच रुमाल सगळ्यांच्या हातांवरून फिरत होता.

बाबा मागच्या दाराने गेला. डॉक्टर आले, आजारी माणसं वेगळी केली, संडास धुऊन घेतले. मला फार कळत नाही, पण एवढं कळलं: साथ आली की साबणाने हात धुवा, डॉक्टरला बोलवा, आणि कुणी चमत्कार दाखवला तर आधी त्याला हात धुवायला सांगा.

रुमालाने शुद्ध ठरवलेल्या काही जणांना त्यांची मुलं निर्धास्तपणे घरी घेऊन गेली आहेत. त्या घरांत लहान नातवंडं आहेत. मॅनेजर फोन नंबर द्यायला तयार नाही, म्हणतो बदनामी होईल. त्या घरांना अजून कुणी कळवलेलं नाही.